कर्ज फिटलं, तीन दुकानं झाली, तरी मन भरत नाही: एका कृषी केंद्रवाल्या भावाला उत्तर

भाऊ, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. वय 44. दारव्ह्याकडचं गाव, वडिलांची कोरडवाहू शेती. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी केलं. पुढे शिकून वाण काढायचे, संशोधनात जायचं, असं मनात होतं. पण घरावर कर्ज, दोन बहिणी लग्नाच्या, म्हणून कृषी केंद्र, म्हणजे बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, टाकलं. आज तीन दुकानं आहेत, स्लॅबचं घर आहे, दारात गाडी आहे, मुलगी नागपूरला नीटची तयारी करते. कर्ज फिटलं, बहिणी सुखात आहेत. आणि तरी गेली दोन-अडीच वर्षं संध्याकाळी गल्ला मोजताना मनात येतं, हे सगळं कशासाठी? बायको म्हणते, "सुख दुखून राह्यलं तुमाले." मित्राला सांगितलं तर तो हसला. तुम्ही विचारता, मी आजारी आहे का, की कृतघ्न आहे?

कृतघ्न तुम्ही नाही. कृतघ्न माणसाला हा प्रश्न पडतच नाही. आजाराचं मात्र असं एका वाक्यात सांगता येणार नाही, ते तपासूनच ठरवावं लागतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. यवतमाळ-वर्धा पट्ट्यात काम करताना तुमच्यासारखी माणसं मला सतत भेटतात: मुख्याध्यापक, बँकेचे मॅनेजर, जिनिंगवाले, पंचायत समितीतले अधिकारी. बहुतेक जण मानसोपचारासाठी म्हणून येतच नाहीत. कुणी झोपेची गोळी मागायला येतो, कुणी छातीत धडधडतं म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडून फिरून येतो. आपल्याकडे भरल्या घरातल्या माणसानं "मला रिकामं वाटतं" म्हणायची सोय नाही. आजूबाजूला खरोखर हलाखी असताना आपलं दुःख बोलून दाखवायची लाज वाटते. तुमच्या पत्रातही ती लाज ओळीओळीत दिसते.

दोन वर्षांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उतरलेलं राहत असेल, तर एक शक्यता दीर्घकालीन नैराश्याची असते. डॉक्टर त्याला डिस्थायमिया म्हणतात. यात माणूस अंथरूण धरत नाही. दुकान उघडतो, हिशोब करतो, लग्नाकार्याला जातो, सगळं करतो. फक्त कशातच गोडी वाटत नाही, झोप नीट लागत नाही, थकवा जात नाही, स्वतःविषयी मत खालावत जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं की माणसाला वाटतं, आपला स्वभावच असा आहे. हा आजार बोलण्याच्या उपचारांनी, गरज पडल्यास औषधानं, बरा होतो. म्हणून पहिलं काम हे: पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली असते, मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते. बेरीज 10 किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचंच. सोबत थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं की माणूस असाच निरुत्साही होतो, आणि तेव्हा जीवनाच्या अर्थावर कितीही चर्चा केली तरी उपयोग नसतो. संध्याकाळी "बसणं" किती होतं, तेही डॉक्टरांना खरं सांगा. दारू चार तास बरं वाटवते आणि दुसऱ्या दिवशीचा रितेपणा वाढवते.

एक प्रश्न मी प्रत्येकाला सरळ विचारतो, तुम्हालाही विचारतो. जगू नये असं कधी मनात येतं का? तुमच्या बाबतीत हे विचारणं जास्त गरजेचं आहे, कारण कीटकनाशकांच्या गोदामाची किल्ली तुमच्याकडे असते. असा विचार एकदाही डोकावला असेल तर आजच घरात कुणालातरी सांगा, किल्ली भावाकडे किंवा दुकानातल्या भरवशाच्या माणसाकडे द्या, आणि 14416 वर फोन करा. ही टेलिमानस सेवा आहे. मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट, जिच्यामुळे मला वाटतं की आजार तपासून झाल्यावरही प्रश्नाचा मोठा भाग शिल्लकच राहील. तुम्ही लिहिलंय की मागच्या हंगामात एका शेतकऱ्यानं वावरात बोलावलं. पऱ्हाटीतली (कपाशीतली) डोमकळी, म्हणजे गुलाबी बोंडअळीमुळे न उमललेलं फूल, तुम्ही त्याला उकलून दाखवली, आतली बारीक अळी दाखवली, हिरवी बोंडं फोडून पाहिली. फवारणीची घाई करू नको, आधी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लाव, असं सांगितलं. परत निघालात तेव्हा अंधार पडला होता, आणि वेळ कसा गेला ते कळलं नाही. पुढे लगेच लिहिलंय, "धंद्याच्या दृष्टीने दिवस वाया गेला."

त्या वाया गेलेल्या दिवसावर थोडं थांबू या. नैराश्य खोलवर असतं तेव्हा माणसाला सहसा असा दिवस लाभत नाही, आवडीची गोष्टही बेचव लागते. तुमचं मन त्या वावरात जागं होतं. म्हणजे ते मेलेलं नाही, उपाशी आहे. कशासाठी उपाशी, ते त्या दोन-तीन तासांतच दिसतं.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत. आपण करतो ते आपल्या मर्जीचं आहे असं वाटणं, ते आपल्याला चांगलं जमतं असं वाटणं, आणि माणसांशी जिव्हाळ्याचं नातं असणं. या मांडणीवर गेली कित्येक दशकं जगभर काम झालं आहे. त्यातलाच 2009 चा एक अभ्यास तुमच्या कामाचा आहे. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांना त्यांनी ठरवलेली उद्दिष्टं मिळाली का आणि मिळाल्यावर काय झालं, हे त्यात पाहिलं होतं. नाती, स्वतःची वाढ, समाजासाठी काही करणं, ही उद्दिष्टं ज्यांना गाठता आली त्यांचं समाधान वाढलं होतं. पैसा, नाव आणि दिसणं यांत यश मिळालेल्यांचं समाधान मात्र वाढलं नव्हतं. उलट त्रासाच्या खुणा वाढल्या होत्या. पैसा वाईट असतो असा याचा अर्थ मी लावत नाही. तुमच्या वडिलांच्या डोक्यावरचं कर्ज पैशानंच फिटलं, आणि कर्जाखाली दबलेल्या घरात समाधानाच्या गप्पा कुणी मारू नयेत. पण घराची गरज भागल्यानंतरही तोच मार्ग तीच तहान भागवत राहील, ही अपेक्षा चुकते. पहिलं दुकान उघडलं तेव्हाचा आनंद आठवा आणि तिसऱ्याच्या वेळचा आठवा. मन नव्या परिस्थितीला फार लवकर सरावतं. 1978 मध्ये अमेरिकेत लॉटरी जिंकलेल्यांचा एक अभ्यास झाला. ते लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा काही फार सुखी निघाले नाहीत, आणि रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची मजा इतरांपेक्षा कमी झालेली दिसली.

या तीन गरजा तुमच्या दुकानात आणून पाहू. जमण्याची गरज भागली आहे, धंदा तुम्हाला उत्तम जमतो. मर्जीची अर्धवटच भागली. दुकान टाकणं ही तुमची निवड नव्हती, ती घराची गरज होती. ती तुम्ही मनापासून पार पाडली. पण ज्या दिवशी शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी ते काम संपलं, आणि पुढचं काम कोणतं ते कुणी सांगितलं नाही. तुम्हीही स्वतःला विचारलं नाही. मधल्या काळात चौथ्या दुकानाची जागा बघायला लागलात.

तिसरी गरज, माणसांची, सगळ्यात जास्त कोरडी पडली आहे असं मला वाटतं. मृग लागल्यावर तुमच्या काउंटरसमोर काय चालतं ते मी पाहिलेलं आहे, मीही शेतकऱ्याच्याच घरचा. पहाटेपासून गर्दी. सरकीच्या पाकिटांसाठी हात पुढे. मागून कुणीतरी ओरडतो, डीएपी खत आलं का? उधारीची वही उघडी असते. त्या गर्दीत तुमचा शाळेतला बेंचवरचा जोडीदारही असतो, तो पुढे येत नाही, खांबाजवळ थांबून राहतो, कारण मागच्या वर्षीचे पैसे द्यायचे आहेत. गर्दी सरल्यावर येतो आणि तुम्हाला "शेठ" म्हणतो. वीस वर्षांपूर्वी तो तुम्हाला नावानं हाक मारायचा, शिवी देऊन मारायचा. आता गावातलं जवळजवळ प्रत्येक घर तुमच्या वहीत आहे. लोक तुम्हाला मान देतात, लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात, पण तुमच्यासमोर मोकळं कुणी बोलत नाही. उधारीनं बांधलेलं नातं वरून कितीही गोड असलं तरी त्यात कुणी कुणाचा राहत नाही. यात तुमचा दोष नाही. पीक येईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, बँक वेळेवर देत नाही, म्हणून उधारी चालते. पण त्या व्यवस्थेची किंमत शेतकरी मोजतो तशी तुम्हीही मोजता, आणि तुमची किंमत कुणाला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, मी ती ओझरती सोडणार नाही. युरियासोबत लिंकिंगचा माल, म्हणजे कंपनीनं गळ्यात मारलेली दुसरी उत्पादनं, खपवावा लागतो. टार्गेट पूर्ण केल्याबद्दल कंपनीनं परदेशी सहलीला नेलं, आणि तिथल्या हॉटेलात तुम्हाला रात्रभर झोप आली नाही. भाऊ, त्या रात्रीवर माझ्याकडे गोळी नाही, आणि नसावीही. प्रत्येक अस्वस्थता हा मनाचा आजार नसतो. आपण रोज जे करतो आणि आपल्याला जे बरोबर वाटतं, या दोहोंत अंतर पडलं की मन टोचतं. ती टोचणी निरोगी आहे. ती बधिर करायच्या नादी लागू नका, तिचं ऐका. शेतकऱ्याला नको असलेली बाटली त्याच्या पिशवीत जाते तेव्हा तुमच्यातला अकोल्याचा विद्यार्थी बाजूला उभा राहून बघत असतो.

मग करायचं काय? आधी काय करू नये ते भराभर सांगतो. चौथं दुकान सध्या नको. देवळाच्या कमानीवर नाव येईल अशी देणगी नको. सगळं विकून कुठे निघून जाणं तर नकोच. अशा वेळी लोक तुम्हाला बाबा आमट्यांचं उदाहरण देतील. वरोऱ्यात चांगली चालणारी वकिली सोडून त्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि आनंदवन उभं केलं, हे खरं आहे. पण सांगणारे एक गोष्ट विसरतात, आनंदवन वरोऱ्याच्या अगदी जवळच आहे. त्यांनी काम शोधायला मुलूख सोडला नाही. आणि तुम्हाला तर दुकानही सोडायची गरज नाही. तुमच्या हातातलं ज्ञान लोकांना हवं आहे, आणि तुम्ही ते काउंटरखाली ठेवून दिलं आहे.

आठवड्यातला एक दिवस ठरवा, बाजाराचा सोडून. त्या दिवशी दुपारनंतर एका गावात जायचं. एकाच, सगळ्या नाही. पारावर नाहीतर कुणाच्या वावरात बसायचं आणि पिकाविषयी बोलायचं. वही न्यायची नाही, माल न्यायचा नाही, वसुलीचा विषय काढायचा नाही. बोलायला तुमच्याकडे भरपूर आहे. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष कसं ठेवायचं, फरदडीचा (वेचणी संपल्यावरही तीच पऱ्हाटी उभी ठेवून पुन्हा कापूस घेण्याचा) मोह का टाळायचा, कोणती औषधं एकत्र कालवायची नाहीत. आणि फवारणीची काळजी. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते तुम्ही जवळून पाहिलंय. फवारणाऱ्यांत कितीतरी मजूर होते, ज्यांना बाटलीवरचं लेबल कुणी वाचूनही दाखवलं नव्हतं. हातमोजे, मास्क, चष्मा, वाऱ्याची दिशा, उपाशीपोटी फवारायचं नाही, भर उन्हात फवारायचं नाही, मळमळ सुरू झाली की पंप तिथेच ठेवायचा. हे तुमच्यासारख्यानं सांगितलं तर लोक ऐकतील, कारण विकणाराच जपून वापरा म्हणतो आहे. एक पथ्य पाळा. याचे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकू नका. टाकलेत की ती दुकानाची जाहिरात होईल, आणि तुमच्याकडे जाहिरातीची कमतरता नाही.

या बैठकांत तुम्हाला आणखी एक काम करता येईल, जे आम्ही डॉक्टर करू शकत नाही. कोणता शेतकरी बुडत चालला आहे ते डॉक्टरच्या आधी कृषी केंद्रवाल्याला कळतं. जो नेहमी भावावरून हुज्जत घालायचा तो अचानक गप्प झाला, पीक कसं आहे विचारलं तर "पाहू" म्हणून निघून गेला. अशा माणसाला बाजूला घेऊन चहा पाजा आणि विचारा, बरं आहे ना? मनात वाईटसाईट येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलता आल्यानं माणूस हलका होतो. अमरावती भागातल्या 30 गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी मानसिक आधाराचं काम उभं केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेलं. ही माणसं डॉक्टर नव्हती. गावकऱ्यांना ती आपली वाटत होती, म्हणून हे झालं. मात्र एक लक्षात ठेवा: आधी तुमची स्वतःची तपासणी होऊ द्या, आणि अवघड वाटलेला माणूस एकट्यानं सांभाळायला जाऊ नका. त्याला 14416 जोडून द्या, रुग्णालयात पोचवा.

जिथे तुम्ही शेठ नाही अशी एखादी जागाही हवी. काहींना ती शेगावला, गजानन महाराजांच्या मंदिरात, सापडते. तिथे सेवेकरी म्हणून गेलं की मोठा व्यापारीसुद्धा इतरांसोबत पंगतीत वाढतो, झाडतो, आणि कुणी त्याला ओळखत नाही. तुमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना होत असेल तर तिथे जाऊन बसा. एकाच सतरंजीवर सगळे. मागच्या ओळीत बसा, पुढे बोलावलं तरी जाऊ नका. श्रद्धा असायलाच हवी असं नाही. लहानपणीच्या सवंगड्याच्या खांद्याला खांदा लावून रोज अर्धा तास बसणं, हेच औषध आहे.

वडिलांची अर्धा एकर जमीन मागून घ्या. तुम्ही लिहिलंय, ती आता मक्त्यानं दिली आहे. त्या अर्ध्या एकरात तुम्हाला एकेकाळी जे करायचं होतं ते करा: तुरीचे चार वाण शेजारी-शेजारी लावा, नोंदी ठेवा, दाणे मोजा. कृषी विज्ञान केंद्रं शेतकऱ्यांच्या वावरात चाचण्या घेतात, त्यांच्याशी बोला. या वयात शास्त्रज्ञ होण्यासाठी हे करायचं नाही. नफा झाला नाही तरी चालेल अशी एक तरी गोष्ट तुमच्या दिवसात असावी. गेल्या वीस वर्षांत तशी एकही नव्हती.

वडिलांकडे गाडीनं जाऊन तासाभरात परतता, तेवढं पुरत नाही. मुक्काम करा. आणि त्यांना एक गोष्ट विचारा, ज्या वर्षी कर्ज काढलं त्या वर्षी घरात काय काय झालं होतं? आपल्याकडचे बाप लेकाचं कौतुक त्याच्या तोंडावर करत नाहीत, गावभर करतात. तुम्ही ज्यांच्यासाठी हे सगळं केलंत त्यांच्याकडून ते कधी ऐकलंत का, मला शंका आहे. ऐकायला मिळेलच असं नाही. पण त्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकलीत तर तुमची वीस वर्षं कशात गेली ते तुमच्यासमोर उलगडेल.

पत्नीला हे पत्र दाखवा. "सुख दुखून राह्यलं" हा टोमणा वाटत असला तरी त्यामागे भीती असते, नवरा आपल्यापासून दूर चालला आहे याची. तुम्ही तिला आजवर फक्त "काही नाही" एवढंच सांगितलंय. आणि नागपूरच्या मुलीशी एकदा निवांत बोला. तिला डॉक्टर व्हायचं आहे की तुमचं राहिलेलं शिक्षण पूर्ण करायचं आहे, हे तिला मोकळेपणानं सांगता यायला हवं. उत्तर डॉक्टरच आलं तर आनंदच आहे, फक्त ते तिचं असू द्या.

लिंकिंग आणि टार्गेटचं एका दिवसात काही होणार नाही, ते मला कळतं. तीन दुकानांवर कितीतरी घरं चालतात. पण कोणता माल तुम्ही यापुढे ठेवणार नाही, हे तुम्ही एकट्यानं ठरवू शकता. एका वस्तूपासून सुरुवात करा. तोटा किती होतो ते लिहून ठेवा, आणि त्या महिन्यात झोप कशी लागते तेही लिहून ठेवा.

दुकान विकायचं, शेती घ्यायची, असा कोणताही मोठा निर्णय खरिपाच्या धामधुमीत घेऊ नका. सीतादही (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा) होऊ द्या, कापूस घरात येऊ द्या. तपासण्या मात्र याच आठवड्यात करा, आणि पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला, जो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर हंगामाची वाट न बघता त्याच दिवशी कुणालातरी भेटा.